जुनी डिझेल गाडी आणि टाकाऊ तेल: वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच विषयाची आहेत. गाडी जुनी आहे, डिझेलचा खर्च जड जातोय, आणि कुणीतरी सांगितलंय की तळणीचं वापरलेलं तेल किंवा इंजिनातून काढलेलं काळं तेल टाकीत ओतलं तरी गाडी पळते. माझी सगळी नोकरी डिझेलच्या पंप-नोझलच्या टेबलावर झाली. अशा तेलावर चाललेल्या गाड्यांचे पंप मी उघडलेत, वर्षानुवर्षं उत्तम टिकलेले आणि पार बसलेलेही. म्हणून आज बाकीचे विषय बाजूला ठेवून याच पत्रांना उत्तरं देतो. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण जवळजवळ प्रत्येक पत्रात तिचा उल्लेख आहे: गाडी सुरू झाली आणि पळाली, हा कसलाही पुरावा नाही. जुनं डिझेल इंजिन पहिल्या दिवशी बहुतेक कुठल्याही तेलावर पळतं. आत काय साठतंय ते नोझल काढल्यावर आणि डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, पाहिल्यावरच कळतं.

प्रश्न: माझी डिझेल मोटार वीस वर्षांहून जुनी आहे, टर्बो नाही. ओळखीतले एकजण तळणीचं तेल फडक्यातून गाळून थेट टाकीत ओततात आणि काही होत नाही म्हणतात. मीही तसं करू का?

थेट ओतू नका.

अडचण तेलाच्या जाडपणाची आहे. ४० अंश सेल्सिअसला डिझेलचा जाडपणा साधारण २ ते ४.५ सेंटिस्टोक (जाडपणा मोजायचं एकक) असतो. त्याच तापमानाला बहुतेक खाद्यतेलं ३० ते ४० सेंटिस्टोक भरतात, म्हणजे डिझेलच्या जवळपास दहापट. इंधनाचा धुक्यासारखा बारीक फवारा करणं हे नोझलचं काम. तेल जाड असलं की थेंब मोठे पडतात, लांबवर जातात, पिस्टनच्या माथ्यावर आणि लायनरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, आदळतात आणि पुरते जळायच्या आत तिथेच करपतात. नोझलच्या तोंडाशी कार्बन वाढतो, त्याने फवारा वाकडा होतो, आणि वाकड्या फवाऱ्यामुळे कार्बन आणखी वाढतो. पुढे पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटतात, कॉम्प्रेशन उतरतं, ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या श्वासनळीतून, धूर यायला लागतो. हे सगळं सावकाश होतं. तोपर्यंत ओतणाऱ्याची खात्री पटलेली असते की आपलं जमलं.

यावर उपाय आहे तो उष्णतेचा. तेल ७०-८० अंशांपर्यंत तापवलं की जाडपणा खूप उतरतो. तरीही तो गार डिझेलच्या तिपटीच्या आसपास राहतो, पण जुन्या धाटणीच्या नोझलला तेवढा झेपतो. त्यामुळे ज्यांच्या गाड्या तेलावर खरोखर टिकल्या त्यांच्याकडे दोन टाक्या सापडतात. गाडी डिझेलवर सुरू करायची. रेडिएटरचं गरम पाणी तेलाच्या टाकीतून, नळीभोवतून आणि फिल्टरजवळून फिरवायचं. इंजिन पूर्ण तापलं आणि तेलही तापलं की व्हॉल्व्हने तेलाकडे वळायचं. बंद करण्याआधी काही मिनिटं परत डिझेलवर यायचं, म्हणजे पंपात आणि नोझलमध्ये तेल उरत नाही. ही शेवटची पायरी लोक कंटाळून गाळतात. मग सकाळी गार तेल भरलेल्या पंपावर सेल्फ मारत बसतात. थंड इंजिन, जाड तेल आणि खेचला जाणारा पंप, हे तिन्ही एकत्र आले की नुकसान ठरलेलं.

दोन टाक्या बसवणाऱ्यांनी रिटर्न लाइनकडे लक्ष द्यावं. नोझलमधून परत येणारं तेल डिझेलच्या टाकीत सोडलं, तर थोड्याच दिवसांत डिझेलच्या टाकीतही तेलच भरतं आणि दोन टाक्यांना काही अर्थ उरत नाही. गरम पाण्याच्या फेऱ्यासाठी तेलात बुडवायची नळी तांब्याची घेऊ नका. तांब्याच्या संगतीत तेल लवकर खराब होतं, घट्ट होत जातं. स्टील किंवा ॲल्युमिनियम वापरा.

आता तुमचं इंजिन. जुन्या मोटारींमध्ये इंधन मुख्य सिलिंडरमध्ये न सोडता बाजूच्या लहान कोठीत, म्हणजे प्रीचेंबरमध्ये सोडायची पद्धत होती. अशा इंजिनांत पिंटल नोझल असतं. त्याच्या छिद्रातून एक पिन आतबाहेर होते आणि तोंड बऱ्यापैकी साफ ठेवते. कोठी तापलेली असते, हवा तिथे जोरात घुमते, म्हणून थोडं जाड तेलही जळून जातं. मर्सिडीजच्या डब्ल्यू१२३ मालिकेतलं पाच सिलिंडरचं ओएम६१७ इंजिन या कामासाठी जगभर नावाजलं गेलं त्याचं कारण हेच: प्रीचेंबर आणि जोडीला मजबूत इनलाइन पंप. इंधन थेट पिस्टनच्या खळग्यात सोडणाऱ्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनाची गोष्ट वेगळी. तिथल्या नोझलला केसासारखी बारीक छिद्रं असतात, ती लवकर बुजतात, आणि रिंगा चिकटायचं प्रमाणही तिथेच जास्त.

पंप कुठला आहे तेही बघा. इनलाइन पंपात प्रत्येक सिलिंडरला वेगळं एलिमेंट असतं आणि खालच्या कॅमला इंजिन ऑइल मिळतं. जाड तेल त्याला बरंच सहन होतं. रोटरी पंपाचं सगळं वंगण त्यातून जाणाऱ्या इंधनावरच अवलंबून असतं, आणि एकाच रोटरवर सगळा भार येतो. गार, जाड तेल ढकलताना तो अडकला की आतला भाग तुटतो. तुमच्या गाडीला रोटरी पंप असेल तर गार तेल त्यात एकदाही जाऊ देऊ नका.

तुमच्या ओळखीच्यांना माझा निरोप द्या: एकदा नोझल काढून टेस्टरवर लावून बघा. फवारा सरळ आणि सारखा येतोय का, तोंडाशी थेंब लोंबतोय का, हे पाच मिनिटांत दिसतं. थेंब लोंबत असेल तर तेल बंद करायची वेळ आली आहे.

प्रश्न: दुसरी टाकी बसवायची नाही. निम्मं डिझेल, निम्मं तेल असं मिसळून चालेल का? काहीजण पातळ करायला थोडं पेट्रोलही घालतात.

निम्म्या मिश्रणाचा जाडपणा डिझेलच्या तिपटीच्या घरात जातो. म्हणजे तापवलेल्या निव्वळ तेलाइतकाच, फरक एवढाच की हे मिश्रण गार इंजिनातही तसंच शिरतं आणि खरं नुकसान गार इंजिनातच होतं. पाचवा हिस्सा तेल मिसळलं तरी मिश्रण डिझेलच्या वरच्या मर्यादेशी पोचतं. प्रीचेंबरचं इंजिन, उबदार हवा आणि लांबचा प्रवास असेल तर एवढं मिश्रण मी समजू शकतो. त्याच्या पुढे जायला माझी संमती नाही.

पेट्रोल घालू नका. त्याने मिश्रण पातळ होतं हे खरं, पण पेट्रोल दाबाखाली आपोआप पेटायला नाखूष असतं आणि खाद्यतेलाची पेट घेण्याची क्षमता मुळात डिझेलपेक्षा कमी. दोन्ही मिळून इंधन उशिरा पेटतं आणि मग एकदम पेटतं. इंजिन ठोकायला लागतं. शिवाय डिझेलची टाकी पेट्रोलच्या वाफेसाठी बनवलेली नसते. डिझेलची वाफ पेट घेण्याइतकी व्हायला ५५ अंशांच्या आसपास तापमान लागतं. पेट्रोलची वाफ गोठवणाऱ्या थंडीतही पेटते.

प्रश्न: तेल साफ कसं करायचं? मी अगदी बारीक, ५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळतो. तरी फिल्टर सारखा चोंदतो आणि पंपात गंज सापडला.

तुमच्या पत्रातला गंज हाच महत्त्वाचा शब्द आहे. सगळे मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, मागे लागतात आणि पाणी विसरतात. तळणीच्या तेलात पदार्थांतलं पाणी उतरलेलं असतं. त्यातलं थोडं तळाशी बसतं, थोडं तेलात मिसळून राहतं, आणि मिसळलेलं पाणी ५ मायक्रॉनच्याच काय, १ मायक्रॉनच्या कागदातूनही तेलाबरोबर निघून जातं. पंपात इंधन ढकलणारा दांडा (प्लंजर) आणि तो ज्यात सरकतो ती नळी (बॅरल) यांच्यातली फट मायक्रॉनमध्ये मोजावी लागते. तिथे पाणी पोचलं की गंज आणि चरे दोन्ही. पाण्यामुळे तेलातली आम्लंही वाढतात. वारंवार तापवलेलं तेल आधीच आंबट झालेलं असतं, आणि ते आम्ल धातू खातं.

म्हणून क्रम बदला. तेल उंच, अरुंद पिंपात ओता आणि हलवू नका. उबदार जागी काही आठवडे तसंच राहू द्या. उबेमुळे तेल पातळ राहतं आणि गाळ व पाणी लवकर खाली बसतं. तेल वरून काढायचं, तळाच्या नळाने फक्त गाळ आणि पाणी सोडायचं. पिंपात मधल्या उंचीवर दुसरा नळ लावला तर हे काम सोपं होतं. तळाजवळचा दुधाळ थर कितीही मोह झाला तरी टाकीत घालू नका. गाळायचं ते यानंतर, आधी जाड, मग बारीक.

पाणी गेलं की नाही ते बघायला प्रयोगशाळेची गरज नाही. लहानसा तवा १५० अंशांच्या आसपास तापवा आणि त्यावर तेलाचे काही थेंब टाका. बुडबुडे येऊन तडतड झाली तर पाणी आहे, शांत पसरलं तर तेल कोरडं. डोळ्यांना चष्मा लावा आणि थेंबच टाका, चमचाभर नको. जर्मनीत इंधन म्हणून वापरायच्या रेपसीड तेलासाठी डीआयएन ५१६०५ हे प्रमाण आहे. त्यात किलोमागे ७५० मिलिग्रॅमच्या वर पाणी आणि २४ मिलिग्रॅमच्या वर घनकचरा चालत नाही. पाण्याची मर्यादा किती बारीक आहे ते यावरून लक्षात येईल.

काही वाचकांनी पाणी उडवायला तेल उकळतो असं लिहिलंय. त्यांना कळकळीने सांगतो, हे थांबवा. तळाशी साठलेल्या पाण्याची एकदम वाफ झाली की वरचं तापलेलं तेल पिंपाबाहेर उसळतं, आणि खाली ज्योत असेल तर पुढचं सांगायला नको. तेल ६० अंशांच्या आसपास ऊबवून बसू द्या. वेळ लागेल, पण पाणी खाली जाईल. तेल पेटलंच तर पाणी ओतायचं नाही, झाकण घालून हवा तोडायची. तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल हवेशी संयोग पावताना उष्णता सोडतं, ढिगात ती अडकते, आणि ठिणगीशिवाय आग लागते. फडकी पसरून वाळवा किंवा झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा.

आणि तुमचा सारखा चोंदणारा फिल्टर? ती बहुधा घट्ट चरबी आहे. काही तेलं आणि प्राणिज चरबी साध्या हवेतही गोठते. फिल्टर गरम असताना चालतो आणि गार असताना चोंदतो, असं होतंय का बघा. होत असेल तर तेल बदला, फिल्टर नव्हे.

प्रश्न: तेलावर गाडी छान चालतेय, पण इंजिन ऑइलची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढतेय. हे चांगलं की वाईट?

वाईट. हे पत्र वाचताक्षणी मला तुम्हाला फोन करावासा वाटला. इंजिन ऑइल आजच बदला, फिल्टरसकट. नंतर बाकीचं वाचा.

अर्धवट जळलेलं इंधन नेहमीच थोडंसं रिंगांवरून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिन ऑइल साठतं त्या तळाच्या भागात, उतरतं. ते डिझेल असेल तर इंजिन तापल्यावर त्याचा बराचसा भाग उडून जातो. खाद्यतेल उडत नाही. ते उतरलं की तिथेच राहतं आणि साठत जातं. पातळी वाढते, आणि गरम चेंबरमध्ये हवा, धातूचे कण आणि उष्णता मिळाली की त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊ लागतात. शेगडीमागच्या भिंतीवर वर्षानुवर्षं तेलाचा जो चिवट पिवळा थर चढतो, जो साबणाने निघत नाही, तोच प्रकार इंजिनाच्या आत सुरू होतो. आधी ऑइल पातळ झाल्यासारखं वाटतं, मग एका टप्प्यावर झपाट्याने घट्ट होतं. घट्ट ऑइल पंपाच्या जाळीतून ओढलं जात नाही. ऑइल प्रेशरचा दिवा लागतो तेव्हा बेअरिंगं गेलेली असतात.

कुठलं तेल किती लवकर असं जोडलं जाईल त्याचा अंदाज आयोडीन मूल्यावरून येतो. खोबरेल तेलाचं हे मूल्य १०च्या आसपास, पामचं ५०-५५, रेपसीडचं १००-१२०, सोयाबीन आणि सूर्यफुलाचं साधारण १२० ते १४०, जवसाचं १७०च्या वर. जवसाचं तेल रंगात वापरतात ते हवेत वाळून कडक होतं म्हणूनच. मूल्य जितकं जास्त, तितका धोका मोठा. गंमत अशी की कमी मूल्याची तेलंच थंडीत आधी गोठतात. त्यामुळे सगळ्या बाजूंनी चांगलं असं एकही तेल नाही. वापरलेल्या तेलात बहुधा सगळ्यांची सरमिसळ असते.

तेलावर चालणाऱ्या गाडीचं इंजिन ऑइल नेहमीच्या निम्म्या अंतरावर बदलायचं, हा माझा नियम. दर आठवड्याला डिपस्टिक बघायची. दोन बोटांत ऑइल चोळून चिकट लागतंय का ते पाहायचं. तुमच्या बाबतीत ऑइल बदलल्यावर नोझल आणि कॉम्प्रेशन तपासून घ्या. एवढं इंधन खाली उतरतंय म्हणजे एखादं नोझल टपकतंय किंवा रिंगा धरेनाशा झाल्यात. ते दुरुस्त होईपर्यंत गाडी डिझेलवरच ठेवा.

प्रश्न: आमच्या गॅरेजमध्ये इंजिनातून काढलेलं काळं ऑइल पिंपंच्या पिंपं साठतं. ते गाळून डिझेलमध्ये मिसळलं तर फुकटचं इंधन मिळेल ना?

तळणीच्या तेलाबद्दल मी अटी घालून हो म्हणतो. या तेलाला माझा साफ नकार आहे.

इंजिन ऑइल काळं होतं ते काजळीमुळे, आणि काजळीचे कण मायक्रॉनहूनही लहान असतात. गॅरेजमधल्या फिल्टरने तेल कमी काळं दिसेल, पण स्वच्छ होणार नाही. सेंट्रिफ्यूज लावला तर धातूचा चुरा आणि बरीचशी काजळी निघते. तरीही तेलात विरघळलेली रसायनं राहतातच. झीज थांबवायला घातलेलं झिंक आणि फॉस्फरस, आम्ल मारायला घातलेलं कॅल्शियम, हे तेलाचाच भाग असतात. कुठलाही फिल्टर त्यांना अडवू शकत नाही. जळल्यावर त्यांची राख होते. डिझेलची राख जवळपास शून्य असते. ही राख नोझलवर, व्हॉल्व्हच्या सीटवर, टर्बोच्या पात्यांवर बसते आणि पॉलिश पेपरचं काम करते. पिंपात पेट्रोल गाड्यांचं ऑइल असेल तर त्यात पेट्रोल असतं. कूलंट गळणाऱ्या गाडीचं असेल तर त्यात ग्लायकोल. पिंपात काय काय गेलंय ते कुणालाच ठाऊक नसतं.

एवढं इंजिनाचं झालं. मला जास्त काळजी तुमच्या कामगारांची आणि गाडीमागून चालणाऱ्यांची आहे. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये अनेक वलयांची कर्बसंयुगं असतात, त्यांतली काही कर्करोग करणारी. त्याचा कातडीशी वारंवार येणारा संबंधसुद्धा टाळायला सांगतात, म्हणून हातमोजे. ते धुरातून रस्त्यावर सोडायचं कुठल्याही बचतीसाठी योग्य नाही, आणि बऱ्याच देशांत ते घातक कचरा म्हणून नोंदलेलं असल्यामुळे कायद्यातही बसत नाही.

तुमच्या पिंपांना खरी किंमत दुसरीकडे आहे. खनिज तेल स्वतः झिजत नाही. त्यातली रसायनं संपतात आणि घाण वाढते. निर्वात ऊर्ध्वपातन आणि पुढच्या शुद्धीकरणाने त्यातून पुन्हा उत्तम बेस ऑइल मिळतं. परवानाधारक रीरिफायनरीकडे द्या. पिंपात कूलंट, ब्रेक ऑइल किंवा थिनर मिसळू देऊ नका, म्हणजे ते माल म्हणून जाईल.

प्रश्न: पण लष्करी ट्रक तर कशावरही चालायचे म्हणतात, इंजिन ऑइलवरसुद्धा.

बरोबर, काही ट्रक चालायचे. अमेरिकी लष्कराच्या एम३५ ट्रकांतली मल्टिफ्युएल इंजिनं त्यासाठीच बनवली होती. इंधन कोठीच्या भिंतीवर पसरवून तिथून वाफ होऊ द्यायची अशी त्यांची रचना, कॉम्प्रेशन खूप जास्त, आणि इंधनाच्या घनतेप्रमाणे पंपाचा पुरवठा बदलणारं एक यंत्र सोबत. तुमच्या ट्रकात यातलं काहीही नाही. लष्कराचा हेतू पैसे वाचवायचा नव्हता. डिझेल मिळेनासं झालं तरी ट्रक पुढच्या ठाण्याला पोचला पाहिजे, इतकाच.

प्रश्न: स्वतः रुडॉल्फ डिझेलनेच इंजिन शेंगदाणा तेलावर चालवलं होतं. मग आपल्यालाच का अडचण?

१९००च्या पॅरिस प्रदर्शनात ओटो कंपनीने एक लहान डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं, फ्रेंच सरकारच्या सूचनेवरून. हे आपल्याला ठाऊक आहे ते बरंचसं डिझेलने १९१२ साली केलेल्या कथनामुळे, आणि त्याने वनस्पती तेलांच्या भविष्याबद्दल आशाही व्यक्त केली होती. पण इंजिन तेलासाठी जन्मलं आणि पुढे डिझेलसाठी बिघडवलं, ही ऐकीव कहाणी खरी नाही. त्या काळची इंजिनं संथ, अवजड आणि दाबाच्या हवेने इंधन फवारणारी होती. एक थेंब जळायला त्यांना भरपूर अवकाश मिळायचा. आजच्या लहान इंजिनात फवारा पडून जळायला काही मिलिसेकंद मिळतात. प्रदर्शनात इंजिन चाललं हा त्या इंजिनाचा मान आहे, तुमच्या गाडीची हमी नव्हे.

प्रश्न: घरीच बायोडिझेल केलं तर दुसरी टाकी लागत नाही असं ऐकलं. रसायनं मागवू का?

दुसरी टाकी लागत नाही हे खरं. मिथेनॉल (एक विषारी अल्कोहोल) आणि कॉस्टिक सोड्याच्या साह्याने तेलाच्या रेणूतून ग्लिसरीन काढून टाकलं की उरलेलं इंधन डिझेलच्या जवळचं पातळ होतं. ४० अंशांना ४-५ सेंटिस्टोक. इंजिनाच्या दृष्टीने हाच सगळ्यांत चांगला मार्ग.

तरीही घरी करू नका असंच मी सांगेन. १०० लिटर तेलाला साधारण २० लिटर मिथेनॉल लागतं. मिथेनॉलची वाफ ११-१२ अंशांनाच पेट घेऊ शकते, आणि त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. दहा मिलिलिटर पोटात गेलं तरी दृष्टी जाऊ शकते, आणि ते कातडीतून व श्वासातूनही शरीरात जातं. कॉस्टिक डोळ्यात गेलं तर डोळा जातो. ही दोन्ही मुलं खेळतात त्या घरात, स्वयंपाकघरातल्या मिक्सरजवळ ठेवलेली मला चालणार नाहीत. वापरलेल्या तेलात आम्ल आणि पाणी जास्त असेल तर इंधनाऐवजी साबण होतो, म्हणून प्रत्येक खेपेला आधी टायट्रेशन, म्हणजे आम्ल मोजायची चाचणी, करून कॉस्टिक किती घालायचं ते ठरवावं लागतं. नंतर इंधन धुवायचं, वाळवायचं, ग्लिसरीन आणि धुतलेलं पाणी कुठे टाकायचं तेही बघायचं. मोकळं शेड, मोजमापाचा सराव आणि अग्निशमनाची सोय असलेल्या चार-पाच गाडीवाल्यांनी एकत्र येऊन केलं तर ठीक.

तयार बायोडिझेल विकत मिळत असेल आणि गाडी जुनी असेल तर आधी इंधनाच्या रबरी नळ्या बदला. साधं नायट्राइल किंवा नैसर्गिक रबर फुगतं आणि पाझरतं. व्हायटन नावाच्या खास रबराला काही होत नाही. बायोडिझेल टाकीतला जुना मळ सोडवतं, त्यामुळे सुरुवातीला डिझेल फिल्टर एक-दोनदा बदलायची तयारी ठेवा. गाडी ओढेनाशी झाली तर पंपाला हात लावण्याआधी फिल्टर बघा.

प्रश्न: माझी कॉमन रेलची गाडी आहे, जुनी पण चांगली. थोडं तेल चालेल?

नाही, थोडंसुद्धा नाही. जुनं पिंटल नोझल १२०-१५० बारला उघडतं. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून जबर दाबाचं इंधन देणाऱ्या पद्धतीत, दाब १,००० बारच्या पुढे जातो, आणि इंजेक्टरच्या आतला व्हॉल्व्ह एका स्फोटात अनेकदा उघडझाप करतो. गाडीला धुरातली काजळी अडवणारा पार्टिक्युलेट फिल्टर असेल तर तो साफ करायला संगणक अवेळी इंधन सोडतो. ते तेल सरळ लायनरवरून चेंबरमध्ये जाईल, आणि वर डिपस्टिकबद्दल लिहिलंय ते फार लवकर घडेल.

प्रश्न: शेवटी पैसे वाचतात का? माझा रोजचा प्रवास पाच-सहा किलोमीटरचा आहे.

तुमच्या बाबतीत नाही. पाच-सहा किलोमीटरमध्ये इंजिन जेमतेम तापतं. तेलाकडे वळायची वेळ येईपर्यंत तुम्ही पोचलेले असाल, आणि लगेच परत डिझेलवर यायचं. तेल जळणार कधी? रोज लांब पल्ला मारणाऱ्याचं, किंवा तासन्‌तास एका भाराने चालणारा पंप किंवा जनरेटर असलेल्याचं गणित जुळू शकतं. त्यानेही खर्चाच्या बाजूला सगळं मांडावं: दुसरी टाकी आणि नळ्या, दुप्पट इंजिन ऑइल, फिल्टर, दर वर्षी नोझल तपासणी, तेल गोळा करायला जाण्याचं इंधन, आणि स्वतःचा वेळ. लिटरमागे ऊर्जाही डिझेलपेक्षा पाच टक्क्यांच्या आसपास कमी मिळते. एक पंप कॅलिब्रेशन आणि एक रिंग-पिस्टनचं काम निघालं तर किती लिटरची बचत पुसली जाते, तो आकडा आधी काढा आणि मगच टाकीला भोक पाडा.

परवानगीचंही बघा. रस्त्यावर जळणाऱ्या इंधनावर बहुतेक ठिकाणी कर असतो, मग ते कशापासूनही बनलेलं असो. ब्रिटनने २००७पासून वर्षाला २,५०० लिटरपर्यंत असं इंधन बनवणाऱ्याला किंवा वापरणाऱ्याला करातून सूट दिली. सगळीकडे तशी सूट नाही. विमा कंपनीला लेखी विचारा, कारण न सांगितलेला बदल दाव्याच्या वेळी पुढे येतो.

तुमच्यासाठी बचत डिझेलमध्येच आहे. नोझल उघडायचा दाब तपासून घ्या, पंपाचं टायमिंग बघा, टॅपेट सेट करा, एअर फिल्टर बदला, चाकांतली हवा ठेवा आणि हीटर प्लग चारही चालतात का ते पाहा. काळा धूर सोडणारी गाडी धुरातून डिझेलच टाकत असते. या कामांनंतर धूर थांबला नाही, तर धुराचा रंग आणि तो कधी येतो, गार असताना, चढावर की ॲक्सिलरेटर सोडल्यावर, ते लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्यावर बोलतो.